मनातील ‘च’काराचे मोजमाप

(नैराश्य आणि मानसशास्त्रीय प्रश्नावल्या या विषयावर कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शरीराच्या प्रकृतीविषयी आपण सारेच आकड्यांच्या भाषेत बोलतो. साखर किती, रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती हे प्रश्न आज घरोघरी विचारले जातात. सत्तरी ओलांडलेल्या आजीलाही आपली उपाशीपोटीची साखर तोंडपाठ असते. मनाचा विषय निघाला की मात्र आपली भाषा एकदम मोघम होते. ‘जरा उदास आहे’, ‘स्वभावच तसा आहे’, ‘होईल आपोआप ठीक’ अशा वाक्यांवर विषय संपतो. मन ही काय मोजायची वस्तू आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो.

याच्या अगदी उलट दुसरा समज आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीतील दहा प्रश्न सोडवायचे, गुणांची बेरीज करायची आणि आपण कसे आहोत याचा निकाल लावून मोकळे व्हायचे. पहिला समज शास्त्राला नाकारतो, दुसरा त्याचा खेळ करतो. या दोहोंच्या मध्ये मनाचे मोजमाप करण्याचे एक गंभीर शास्त्र गेली साठ-सत्तर वर्षे विकसित होत आले आहे. नैराश्याच्या मुळाशी असणाऱ्या समजुती प्रश्नावलीने कशा मोजल्या जातात, त्या मोजमापातून काय हाती लागले आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध, एवढाच विषय आज मी घेणार आहे.

फिलाडेल्फियातील एक शंका

या शास्त्राचा प्रारंभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. तेथे डॉ. अ‍ॅरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ काम करीत होते. त्यांचा जन्म 1921चा. शंभर वर्षांचे दीर्घायुष्य लाभून 2021 साली ते निवर्तले. त्यांचे शिक्षण फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाच्या परंपरेत झाले होते. दुसऱ्यावरचा राग माणूस आत वळवतो, स्वतःवरच उलटवतो आणि त्यातून विषाद जन्मतो, असे ही परंपरा मानत असे. बेक यांना हा सिद्धान्त खोडून काढायचा नव्हता, उलट तो प्रयोगाने सिद्ध करावयाचा होता. त्यासाठी त्यांनी निराश रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास हाती घेतला. तेथे राग सापडेल अशी अपेक्षा होती. सापडले ते निराळेच. त्या स्वप्नांत पराभव होता, हानी होती, नाकारले जाण्याचे दुःख होते. जागेपणीही ते रुग्ण स्वतःविषयी नेमके तसेच बोलत होते.

आपल्या गुरुपरंपरेचा सिद्धान्त आणि समोरचा पुरावा यांत अंतर पडले तेव्हा बेक यांनी पुराव्याची बाजू घेतली. नैराश्यातील माणूस तीन गोष्टींकडे काळ्या चष्म्यातून पाहतो, असे त्यांनी मांडले. ‘मी नालायक आहे’ हे स्वतःविषयी, ‘जग माझ्याशी निष्ठुर आहे’ हे जगाविषयी आणि ‘यापुढेही असेच चालणार’ हे भविष्याविषयी. या तीन दृष्टींच्या मेळाला त्यांनी ‘बोधनिक त्रयी’ या अर्थाचे नाव दिले. भावना बिघडल्यामुळे विचार बिघडतात हे तर खरेच. परंतु विचारांच्या घडणीमुळेही भावना बिघडते आणि बिघडलेलीच राहते, हे त्यांच्या मांडणीचे सार.

1961 साली बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात एकवीस बाबी आहेत. उदासी, अपराधीपणा, झोप, भूक, थकवा, निर्णय घेण्याची क्षमता, मरणाचे विचार इत्यादी. प्रत्येक बाबीला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण गुण शून्य ते त्रेसष्ट. 1996 साली तिची सुधारित आवृत्ती आली आणि ती आज जगभर वापरली जाते. 2001 साली आलेली नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-9’ ही प्रश्नावलीही डॉक्टरांच्या दवाखान्यांत सर्रास वापरात आहे. तिचे गुण शून्य ते सत्तावीस असतात आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, असा सामान्य संकेत आहे.

बुरशी आणि ओल

परंतु या प्रश्नावल्या लक्षणे मोजतात. गेल्या दोन आठवड्यांत माणूस किती उदास होता, हे त्या सांगतात. तो उदास का होतो, एकदा बरा झाल्यावर पुन्हा त्याच खाईत का पडतो, हे त्यांना सांगता येत नाही. कोकणातल्या घराचा दाखला घ्या. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी दिसते. ती पुसता येते, किती पसरली तेही मोजता येते. बुरशी ज्या ओलीमुळे येते ती मात्र भिंतीत मुरलेली असते. नैराश्याची लक्षणे ही बुरशी मानली तर ती ओल कोणती, हा पुढचा प्रश्न होता.

बेक यांनी विचारांचे थर कल्पिले. सर्वांत वरच्या थरावर मनात आपसूक उमटणारे विचार असतात. फोन उचलला गेला नाही की लगेच ‘त्याला माझा कंटाळा आला’ असे वाटणे, हा त्या थराचा नमुना. त्याखाली काही नियम, काही अटी असतात. ‘सर्वांना मी आवडलो तरच माझ्या जगण्याला अर्थ’ ही त्या थरातली अट. सर्वांत खाली स्वतःविषयीचा बालपणापासून घट्ट झालेला मूळ ठसा. वरचा थर क्षणोक्षणी बदलतो, तळाचा सहसा दिसत नाही. मधला थर, म्हणजे या अटी, शब्दांत पकडता येतात आणि म्हणून मोजताही येतात. इंग्रजी ग्रंथांत त्यांना जे नाव आहे त्याला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘अपकार्यात्मक अभिवृत्ती’ म्हणता येईल. आपण ‘अपकारक धारणा’ म्हणू.

या धारणा मोजण्याची मापनी आर्लीन वाइसमन या संशोधिकेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आपल्या पीएच.डी.च्या संशोधनात तयार केली. बेक यांच्यासह तिची पहिली मांडणी 1978 साली झाली. मूळ मापनीत शंभर विधाने होती. त्यांतून चाळीस-चाळीस विधानांच्या दोन समांतर आवृत्त्या काढण्यात आल्या. एकच प्रश्नावली पुन्हा दिली तर माणसाला आधीची उत्तरे आठवतात. म्हणून उपचारापूर्वी एक आणि उपचारानंतर दुसरी देता यावी, ही त्यातली सोय. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत सात पायऱ्या असतात. चाळीस विधानांचे किमान गुण चाळीस आणि कमाल दोनशे ऐंशी. गुण जितके अधिक तितक्या धारणा ताठर. काही विधाने मुद्दाम उलट्या अर्थाची असतात, म्हणजे सगळीकडे डोळे मिटून एकच खूण करणारा माणूस त्यांत सापडतो.

पुढे डेव्हिड बर्न्स यांनी 1980 सालच्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात या मापनीची पस्तीस विधानांची आवृत्ती सामान्य वाचकांसाठी दिली. तिच्यात सात क्षेत्रे होती. इतरांची पसंती, प्रेम, यश, परिपूर्णता, ‘मला हे मिळायलाच हवे’ ही हक्काची भावना, ‘सगळे माझ्यामुळेच घडते’ ही सर्वकर्तेपणाची भावना आणि आपले सुख बाहेरच्या परिस्थितीच्या हाती आहे की आपल्या, याविषयीची धारणा. संशोधकांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने चाळिसांच्या मापनीची छाननी केली तेव्हा त्यातून प्रामुख्याने दोन धागे वारंवार पुढे आले. पहिला धागा कामगिरीचा आणि परिपूर्णतेचा, दुसरा इतरांच्या मान्यतेचा. या दोन शब्दांवर आपण थोडा वेळ थांबू, कारण येथे हा विषय फिलाडेल्फियातून उठून आपल्या दिवाणखान्यात येतो.

इच्छा आणि अट

मूळ मापनीतील विधाने मी येथे वाचून दाखविणार नाही. परीक्षेची प्रश्नपत्रिका आधी फोडली की परीक्षेला अर्थ उरत नाही. परंतु त्याच धाटणीची, आपल्या घरात ऐकू येणारी काही वाक्ये सांगतो. ‘पहिल्या पाचांत आलो नाही तर शिकून उपयोग काय?’ ‘एक चूक केली म्हणजे सगळे केलेले पाण्यात.’ ‘मदत मागायची म्हणजे आपला कमीपणा दाखवायचा.’ ‘चार माणसांत नाव खाली गेले तर तोंड कोठे दाखवायचे?’ ‘मी थकलो असे म्हणणे मला शोभत नाही.’

यांतील एकही वाक्य आपल्याला परके वाटत नाही. किंबहुना यांतली काही वाक्ये आपण संस्कार म्हणूनच ऐकली आणि पुढच्या पिढीला ऐकवली. मग प्रश्न असा येतो की, उच्च ध्येय बाळगणे हा आजार आहे काय? कष्टाचा, नेमकेपणाचा आग्रह धरणे ही मनोविकृती आहे काय? मानसशास्त्र असे म्हणत असेल तर ते आपल्या काय कामाचे?

मानसशास्त्र असे म्हणत नाही. ते इच्छा आणि अट यांत भेद करते. ‘मला उत्तम यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही अट झाली. दोहोंतील ध्येय एकच आहे. फरक मराठीतील एका अक्षराचा आहे, तो म्हणजे ‘च’. इच्छा अपुरी राहिली तर माणसाला वाईट वाटते, तो काही दिवस खिन्न राहतो आणि पुन्हा कामाला लागतो. अट मोडली तर मात्र त्याच्या लेखी त्याचे मोलच संपते, कारण स्वतःची किंमत त्याने त्या अटीवर गहाण ठेवलेली असते.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955च्या सुमारास स्वतंत्रपणे हाच भेद आपल्या उपचारपद्धतीच्या केंद्रस्थानी ठेवला. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ’ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धती आपल्याकडे रुजवली. ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्यविषयक संस्थेने ती व्याख्याने, शिबिरे आणि पुस्तकांतून मराठी घरांपर्यंत नेली. ज्या भाषेत मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक सतराव्या शतकातच रचले गेले आणि आजही पोरासोरांना पाठ असतात, त्या भाषेला स्वतःच्या मनाशी संवाद करण्याची कल्पना नवी वाटू नये. तथापि ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून थांबणे हा आळस होईल. उपदेश करणे ही एक गोष्ट आहे आणि कोणत्या माणसाच्या मनात कोणती अट किती घट्ट आहे हे तपासून पाहणे ही दुसरी. दुसरी गोष्ट या शास्त्राने केली.

आकडे काय सांगतात?

या धारणा खरोखर नैराश्याच्या आधीच्या असतात की नैराश्यासोबत येतात? हा केवळ विद्वानांचा वाद नाही. आधीच्या असतील तर आजार येण्यापूर्वीच माणसाला सावरता येईल. सोबत येत असतील तर मापनी म्हणजे बुरशीचेच दुसरे नाव ठरेल.

या प्रश्नाचा पाठपुरावा करणारा एक महत्त्वाचा प्रकल्प फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठ आणि मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठ यांनी मिळून राबविला. लॉरेन अ‍ॅलॉय आणि लिन अब्रामसन या दोन संशोधिका त्याच्या प्रमुख होत्या. महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या आणि त्या वेळी नैराश्यात नसलेल्या विद्यार्थ्यांना वाइसमन यांची मापनी व आणखी एक प्रश्नावली देण्यात आली. धारणा ताठर असलेल्यांचा एक आणि लवचीक असलेल्यांचा दुसरा असे गट केले. एकूण 349 विद्यार्थी होते. सुमारे अडीच वर्षे नियमित मुलाखती घेत त्यांची वाटचाल पाहिली गेली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या मुलांपैकी ताठर धारणांच्या गटात सुमारे 16 टक्के मुलांना तीव्र नैराश्याचा पहिला झटका आला. दुसऱ्या गटात हे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी होते. मुले निरोगी दिसत होती, वर्गात बसत होती, हसत होती. भिंत कोरडी दिसत होती, पण ओल होती.

याचा अर्थ असाही घ्यावा की ताठर गटातील शंभरांपैकी चौऱ्याऐंशी मुलांना तो झटका त्या काळात आला नाही. धारणा म्हणजे विधिलिखित नव्हे. ती जोखीम आहे. प्रतिकूल प्रसंग येऊन धडकला तर ती उसळते.

दुसरा पुरावा उपचारांच्या बाजूने आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नैराश्यावरील उपचारांची तुलना करणारी एक मोठी चाचणी घेतली. तिचे मुख्य निष्कर्ष 1989 साली प्रसिद्ध झाले. दोन प्रकारचे संवादोपचार, एक औषध आणि एक औषधरहित गोळी, अशा चार गटांत रुग्ण विभागले होते. उपचार सोळा आठवड्यांचे होते. पुढे सिडनी ब्लॅट आणि सहकाऱ्यांनी त्याच माहितीची नव्याने छाननी केली. मापनीवर ज्यांचे परिपूर्णतेचे गुण जास्त होते त्यांना चारही गटांत कमी गुण आला. ‘सगळे बिनचूकच हवे’ म्हणणारा माणूस बरे होण्याच्या बाबतीतही स्वतःला सूट देत नाही, उपचारकासमोरही तो नापास होण्याच्या भीतीत असतो, असा या निष्कर्षाचा अर्थ लावता येतो.

तिसरा पुरावा मात्र या मापनीची मर्यादा दाखवतो. नैराश्य ओसरल्यावर अनेक रुग्णांचे मापनीवरील गुण खाली येतात आणि सर्वसामान्य माणसाजवळ पोहोचतात. मग ती ओल कोठे गेली? 1988 साली जीन मिरांडा आणि जॅकलिन पर्सन्स यांनी दाखविले की, असुरक्षित व्यक्तींच्या धारणा त्या क्षणीच्या मनःस्थितीबरोबर वरखाली होतात. टोरांटो येथील झिंडेल सीगल यांनी पुढे हाच धागा धरला. बऱ्या झालेल्या रुग्णांना त्यांनी खिन्न संगीत ऐकवून आणि दुःखद आठवणी जागवून थोडा वेळ उदास केले आणि त्या अवस्थेत मापनी दिली. तेवढ्याशा उदासीनेच ज्यांचे गुण उसळले, त्यांच्यात पुढील अठरा महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. वैशाखात भिंत कोरडीच असते, ओल पाहायची तर आषाढात पाहावी, हेच त्याचे तात्पर्य. म्हणून केवळ एका दिवशी भरलेल्या कागदावरून कोणाच्याही मनाविषयी कायमचे विधान करू नये.

मोजपट्टी कोणाची?

येथे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. फिलाडेल्फियात बनविलेली मोजपट्टी पैठणच्या किंवा पणजीच्या माणसाला लावावी काय?

मोजपट्टी परकी म्हणून फेकून देण्याची गरज नाही. तापमापकही परका होता. परंतु तापमापकाचा पारा भाषा जाणत नाही, प्रश्नावली मात्र भाषेतच जगते. म्हणून भाषांतराचे एक शास्त्र आहे. मूळ मजकूर एकाने मराठीत आणायचा, तो मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यायचा आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. एवढ्यावर भागत नाही. शहरातील आणि गावातील, शिकलेल्या आणि कमी शिकलेल्या माणसांवर तो मजकूर तपासायचा, त्यांचे सरासरी गुण काढायचे, म्हणजे आपले मानदंड तयार होतात. प्रश्नावली दोनदा दिली तर उत्तर सारखे येते का, ही विश्वसनीयता आणि जे मोजायचे तेच ती मोजते का, ही यथार्थता. या दोन कसोट्यांवर न उतरलेले कोणतेही ‘मानसिक चाचणी’ नावाचे कागद आपण घरात घेऊ नयेत.

अर्थाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इतरांच्या मान्यतेवर अवलंबून असणे या मापनीत दोषाकडे झुकते. आपल्याकडे मुलगी नोकरी बदलताना आई-वडिलांना विचारते, मुलगा घर घेताना काकांचा सल्ला घेतो. हे दुबळेपण नव्हे, ही नात्यांची वीण आहे, आणि संकटात हीच वीण माणसाला झेलते. सल्ला घेणे म्हणजे आधार असतो. ‘ते नाराज झाले तर मी वाईट माणूस’ ही मात्र अट झाली. आपल्या मातीत मोजपट्टी वापरायची तर हा भेद टिपणारी विधाने आपल्याच अभ्यासकांनी रचली पाहिजेत. हे काम तक्रारीने होणार नाही, संशोधनानेच होईल. त्याचबरोबर आपल्या कुटुंबव्यवस्थेविषयी आपण जेवढे अभिमानाने बोलतो, तेवढ्याच प्रामाणिकपणे तिच्यातल्या ‘लोक काय म्हणतील’ या धाकाकडेही पाहिले पाहिजे. कॅनडातील पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 साली परिपूर्णतेचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून अवास्तव अपेक्षा, इतरांकडून अवास्तव अपेक्षा आणि ‘इतरांना माझ्याकडून परिपूर्णताच हवी आहे’ ही जाणीव. यांतील तिसरा प्रकार नैराश्याशी सातत्याने जोडलेला आढळतो. ती जाणीव मुलाला कोठून मिळते, याचे उत्तर घराबाहेर शोधायला नको.

प्रश्नावली काय करू शकत नाही?

काही सावधगिरीच्या गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, प्रश्नावली निदान करीत नाही. निदान प्रशिक्षित तज्ज्ञ प्रत्यक्ष भेटीत करतो. थायरॉइडचे विकार, काही औषधांचे परिणाम, रक्तक्षय, बाळंतपणानंतरची अवस्था यांतही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. त्यांचा शोध प्रश्नावलीने लागत नाही.

दुसरी गोष्ट, ‘धारणा चुकीच्या, म्हणून आजार’ याचे रूपांतर ‘चूक तुझीच’ यात होता कामा नये. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, मेंदूतील घडामोडींचा असतो, कर्जाचा, बेकारीचा, वियोगाचा, अत्याचाराचा असतो. पीक गेलेल्या आणि सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘विचार बदल’ एवढेच सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्याला पतपुरवठाही हवा आणि मनाला आधारही हवा.

तिसरी गोष्ट, या मापन्या नोकरीच्या निवडीसाठी, विवाह ठरविण्यासाठी किंवा संघटनेत जबाबदारी देण्याघेण्यासाठी वापरू नयेत. ज्याला आपल्या उत्तराने नुकसान होईल असे वाटते तो खरे उत्तर देत नाही. माणूस सुरक्षित असेल तरच प्रश्नावली खरी ठरते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नैराश्याच्या बहुतेक प्रश्नावल्यांत मरणाच्या विचारांविषयी एक प्रश्न असतो. त्या एका प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि तत्काळ तज्ज्ञांची मदत घ्यावी. ‘असे विचार येतात का?’ असे विचारल्याने ते विचार मनात शिरतील, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. मायेने आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाने माणसाला मोकळे होता येते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

घराघरांतील काम

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. त्या पाहणीनुसार प्रौढांपैकी साधारण वीसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा विकार झालेला होता आणि विकार असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आज या सभागृहात दोनशे माणसे आहेत असे धरले तर हिशेब आपणच करावा. उपचार न मिळण्याचे एक कारण तज्ज्ञांची कमतरता हे आहेच. पण ‘मदत मागणे म्हणजे कमीपणा’ ही धारणाही तितकीच आड येते. म्हणजे जी धारणा माणसाला आजाराकडे ढकलते, तीच त्याला दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरवते.

आपल्यातील अनेक जण सामाजिक काम करतात. घर, नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे झिजतात. त्यांच्याविषयी मला विशेष काळजी वाटते. आपण निष्ठेचे कौतुक करतो आणि ते केलेच पाहिजे. परंतु कार्यकर्त्याने ‘मला विश्रांती हवी’ असे म्हटले की त्याची निष्ठाच उणी ठरविण्याची एक अबोल रीत पडत जाते. अशा वातावरणात चांगला माणूस आतून पोखरला जातो आणि शेवटपर्यंत हसतमुख राहतो. ज्या कामाला माणसाच्या थकण्याची जागा नाही, ते काम माणसे जोडून ठेवू शकत नाही. आठवड्याच्या बैठकीत कामाचा आढावा होतो, तसा ‘तू कसा आहेस?’ हा प्रश्नही खरोखर उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारला गेला पाहिजे.

घरात कोणी कोणाची परीक्षा घेऊ नये. मापनी तज्ज्ञांच्या हाती राहू द्या. आपण फक्त कान उघडे ठेवावेत. मुलाच्या, पत्नीच्या, वडिलांच्या, स्वतःच्या बोलण्यात ‘च’ किती वेळा येतो, ‘नेहमीच’, ‘कधीच’, ‘सगळेच’ हे शब्द किती वेळा येतात, इकडे लक्ष द्यावे. उदासी, झोप-भुकेतील बदल, कशातच रस न वाटणे ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ‘स्वभाव’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. योग्य उपचाराने बहुतेकांना निश्चित आराम पडतो.

आणि निकालाच्या दिवशी, मुलाने गुणपत्रिका हातात ठेवली की पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. ‘शेजारच्याला किती?’ या प्रश्नात एक अट लपलेली असते आणि मूल ती अचूक ऐकते. ‘जेवायला चल, मग निवांत पाहू’ या वाक्यात कोणतीही अट नसते. गुण किती पडले याची चर्चा जेवणानंतरही करता येते, कठोरपणे करता येते, करावीही. पण त्या घरात आपली जागा त्या आकड्यावर अवलंबून नाही, हे त्याला त्याआधी कळलेले असावे. पुढे पंचविसाव्या वर्षी, दूरच्या शहरात, पहिले मोठे अपयश पदरी आल्यावर, हेच त्याच्या कामी येणार आहे.